जोडणीतली चूक

"अहो, जरा येता का? परत तेच आलंय."

बाईंनी आतल्या खोलीतून हाक मारली तेव्हा साहेब खिडकीपाशी बसून वर्तमानपत्रातलं बुद्धिबळाचं कोडं सोडवत होते. सोडवत होते म्हणजे, कोडं रचणाऱ्याची अक्कल काढत होते.

"काय आलंय?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"अनडिफाइन्ड रेफरन्स. आणि पुढे त्या आवाजाच्या फंक्शनचं नाव."

"वाचता येतं ना तुला?"

"येतं."

"मग वाच की. मशीन खोटं बोलत नाही. तू मागितलेली वस्तू सापडत नाही, असं सांगतंय ते."

"पण लायब्ररी मी उतरवून घेतलीय. फोल्डरात आहे. प्रोग्रामच्या सुरुवातीला इन्क्लूडही लिहिलंय."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. हा क्षण त्यांच्या फार आवडीचा होता.

"मेनूकार्ड आणलंस तू," ते म्हणाले. "आता बस चावत."

उत्तराचा उरलेला भाग येईल म्हणून बाई वाट बघत होत्या. तो आला नाही. साहेबांच्या उत्तरांना उरलेला भाग नसायचा.

साहेब म्हणजे कुणी मोठे अधिकारी नव्हते. गोदामांतला माल सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत त्यांनी निवृत्त होईपर्यंत उभं आयुष्य काढलं होतं, आणि ‘साहेब’ ही पदवी त्यांना त्यांच्या नाकाने मिळवून दिली होती. कुणी काही विचारलं की ते आधी नाकातून एक श्वास सोडत, मग डोळे मिटत, आणि मग उत्तराऐवजी उलटा प्रश्न टाकत. अशा माणसाला साहेब म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं.

त्यांचं काम समजायला सोपं होतं. कंपनीतली पोरं प्रोग्रामचे वेगवेगळे तुकडे लिहीत. शिवाय छपाई, चित्रं, आवाज असल्या कामांसाठी दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेल्या तयार लायब्रऱ्या आणत. प्रत्येक तुकडा तपासून झाला की शेवटी हे सगळं एकत्र जोडायचं. ही जोडणी करणाऱ्या प्रोग्रामला लिंकर म्हणतात. त्याला एखादी वस्तू सापडली नाही की तो काम टाकून बसतो आणि पडदाभर तक्रारी ओकतो. त्या तक्रारी घेऊन पोरं साहेबांच्या टेबलाशी उभी राहत, आणि साहेब त्यांना मेनूकार्ड चावायला सांगत.

हा विनोद त्यांचा स्वतःचा होता. लायब्ररीबरोबर एक छोटी फाइल येते, तिच्यात पदार्थांची नुसती नावं असतात. ती फाइल घेतली म्हणजे पदार्थ ताटात आला असं नवख्याला वाटतं. खरं स्वयंपाकघर कुठे आहे, हे लिंकरला वेगळं सांगावं लागतं. एवढं समजावायला अर्धं मिनिट पुरतं. साहेबांनी ते अर्धं मिनिट आयुष्यात कुणाला दिलं नाही. "शोध," ते म्हणत. "शोधल्याशिवाय टाळक्यात शिरत नाही." पोरं जेवण सोडून शोधत बसत, आणि ज्यांना सापडत नसे ती दुसरी नोकरी शोधत.

स्वतःचा असा एकही प्रोग्राम साहेबांनी कधी लिहिला नव्हता. दुसऱ्यांच्या चुका दाखवण्यात दिवस इतके भरून जात की ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. फक्त एका माणसाच्या आली, आणि तो माणूस म्हणजे त्यांची मेव्हणी.

बाईंच्या या धाकट्या बहिणीचं कोपऱ्यावर ब्यूटी पार्लर होतं. लग्न केलं नव्हतं. "आरशासमोर दिवसभर बायका नवऱ्यांबद्दलच बोलतात, तेवढं ऐकून पोट भरलं," म्हणायची. गिऱ्हाइकाच्या केसांत कात्री चालवताना तिची जीभ कात्रीच्या दोन पावलं पुढे असे. रविवारी ती बहिणीकडे जेवायला यायची आणि जेवता जेवता साहेबांची सालटी काढायची. साहेबांचा एक लाडका किस्सा होता. एक नवी मुलगी एकच चूक पुन्हापुन्हा घेऊन आली, त्यांनी तिला सगळ्यांसमोर ती मोठ्याने वाचायला लावली, आणि वाचता वाचता तिला रडू फुटलं. हा किस्सा पुन्हा सुरू झाला तसा धाकटीने हातातला घास ताटात ठेवला.

"भावोजी, ती रडली हे कळलं. पण चूक दुरुस्त कुणी केली?"

"तिनेच केली. दुसऱ्या दिवशी."

"मग तुम्हाला कंपनीने ठेवलं होतं कशाला? रडवायला?"

साहेब ताटावरून उठले होते. पुढचे काही रविवार त्यांनी खोलीतच जेवण मागवून घेतलं.

आता धाकटीच बोलत नव्हती. पार्लरमध्ये केस कापता कापता ती गिऱ्हाइकाच्या अंगावर कोसळली. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला, उजवा हात आणि वाचा गेली. ऐकू येत होतं, कळत सगळं होतं, डोळे होते तसेच तिखट होते. तोंडातून मात्र ‘आ’ सोडून काही निघत नव्हतं. बाईंनी तिला घरी आणून मागच्या खोलीत ठेवलं. साहेबांनी विरोध केला नाही. या घरात त्यांना उलट बोलणारं एकमेव तोंड बंद झालं होतं, आणि त्याचं आपल्याला बरं वाटतंय की वाईट, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. प्रश्न ते फक्त इतरांना विचारत.

डॉक्टरांनी बाईंना सांगितलं होतं, चित्रावर बोट ठेवलं की बोलून दाखवणारे प्रोग्राम मोबाईलवर मिळतात. बाईंनी एक घेतला. धाकटीने डाव्या हाताने पेल्याचं चित्र दाबलं, आणि कुणीतरी परकी बाई स्टेशनवर गाडी जाहीर करावी तशा सुरात म्हणाली, "मला तहान लागली आहे." धाकटीने मोबाईल भिरकावून दिला.

"तिचं बोलणंच नाही त्यात," बाई साहेबांना म्हणाल्या. "ती अशी बोलते का कधी? पंख्याला आम्ही लहानपणापासून म्हातारा म्हणतो, कुरकुरतो म्हणून. गिचक्या जेवणाला गिळगिळ. कंटाळली की ती ‘झालं का तुमचं’ म्हणते. मोबाईलला हे कुठून येणार? मी माझ्या आवाजात भरून देते सगळं. मोठी बटणं, दाबलं की माझा आवाज. एवढंच करायचंय."

"एवढंच!" साहेबांनी नाकातून श्वास सोडला. "कोण करणार? तू?"

बाई शाळेत भूगोल शिकवत. नोकरीच्या शेवटी शेवटी शाळेने कम्प्युटरचा तासही त्यांच्या गळ्यात मारला, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार होईना. पुस्तक पुढ्यात ठेवून, मुलांबरोबरच शिकत त्यांनी तो निभावला. मुलं पडद्यावर एक कासव चालवायची, म्हणून साहेब त्या तासाला ‘कासवं वळणं’ म्हणत. त्या कासवापासून इथपर्यंत बाई स्वतःच्या हिकमतीवर आल्या होत्या. बटणं पडद्यावर उमटत होती, दाबली की खाली जात होती. बोलत मात्र नव्हती.

त्याच आठवड्यात साहेबांचा ऑफिसातला जुना जोडीदार भेटायला आला. चहा पिता पिता त्याने इकडच्या तिकडच्या बातम्या सांगितल्या. कोण सोडून गेलं, कुणाला बढती मिळाली. साहेब प्रत्येक नावावर एकेक शेरा मारत होते. हा ढ, तो चमचा, ती कशी टिकली देवालाच ठाऊक. मग त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि माझ्या जागी कोण बसतं सध्या?"

"तुमच्या जागी? कुणीच नाही," पाहुणा म्हणाला. "आता ते आपोआप होतं ना. पोरं आपलं काम सर्व्हरवर टाकतात, तो सगळं जोडून देतो. कुठे अडलं तर काय अडलं, काय करायचं, तेही लिहून पाठवतो. पोरं खूश आहेत."

"हूं."

"तुमचं टेबल तेवढं हलवलं. तिथे आता कुंडी ठेवलीय. छान वाढलंय झाड."

साहेबांनी कप खाली ठेवला. नेमक्या त्याच वेळी बाई बिस्किटांची बशी घेऊन बाहेर आल्या. त्यांचा काही दोष नव्हता. त्या फक्त समोर आल्या.

"या, या! ओळख करून देतो," साहेब एकदम फुलले. "आमच्या घरच्या नव्या इंजिनिअरबाई. भूगोलातून थेट इकडे. इतके दिवस झाले, एक लायब्ररी जोडता येईना. मी म्हटलं, नकाशात बघ, एखाद्या नदीकाठी सापडेल."

पाहुणा हसला. हसला म्हणजे, साहेबांच्या विनोदांना हसायची त्याच्या तोंडाला जी जुनी सवय होती ती त्याने पाळली. मग ओशाळून त्याने विचारलं, "काय करताय वहिनी?"

"काही नाही. असंच आपलं," बाई म्हणाल्या. बशी त्यांनी टेबलावर नीट मधोमध ठेवली.

मागच्या खोलीत लोखंडावर काहीतरी आपटलं. मग पुन्हा. मग सारखं आपटतच राहिलं. धाकटी पलंगाच्या कठड्यावर चमचा मारत होती.

"काहीतरी हवंय वाटतं तिला," साहेब म्हणाले.

"हवं काही नाहीये तिला," बाई म्हणाल्या, आणि आत गेल्या. थोड्या वेळाने आवाज थांबला.

त्या दिवसापासून ‘अहो, जरा येता का’ बंद झालं.

साहेबांना ते लगेच जाणवलं नाही. आधी त्यांना वाटलं, कटकट मिटली. मग वाटलं, हिने नाद सोडला असावा. पण आतून टाइप केल्याचा आवाज यायचा, मध्येच बाई स्वतःशी काहीतरी पुटपुटायच्या, पुन्हा टाइप व्हायचं. साहेब कोडं समोर ठेवून हाकेची वाट बघू लागले. हाक आली की काय बोलायचं, ते त्यांचं तयारही होतं. हाक येईना. शेवटी ते पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेले.

"काय, कुठवर आलं?"

"चाललंय."

पडद्यावर एक फोरम उघडा होता. अडलेल्या लोकांनी प्रश्न टाकायचे आणि जाणत्यांनी उत्तरं द्यायची, अशी ती जागा. कुणीतरी ‘चष्मेवाला’ या नावाने बाईंना लिहिलं होतं : पडदाभर चुका बघून घाबरू नका. फक्त सगळ्यांत वरची पाठवा. बाकीची बहुतेक तिचीच पिल्लं असतात.

"हा कोण उपटसुंभ?"

"माहीत नाही. बरा माणूस आहे पण."

"कशावरून?"

"विचारलं की सांगतो म्हणून."

साहेब पाणी न पिताच परत आले.

चष्मेवाल्याने सांगितल्याप्रमाणे बाईंनी लिंकरला लायब्ररीचं नाव दिलं. चूक बदलली : या नावाचं काही सापडत नाही. बाईंनी ती ज्या फोल्डरात होती त्याचा पत्ता दिला. चूक पुन्हा बदलली : सापडली, पण ही दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी आहे. बाईंनी आपल्या मशीनची लायब्ररी शोधून आणली. प्रत्येक वेळी त्या "चला, ही नवीन आहे!" म्हणत, आणि उठून मागच्या खोलीत जाऊन धाकटीला ते सांगून येत. साहेबांना हे बघवत नव्हतं. चुकीत आनंद मानणारी माणसं त्यांनी आयुष्यभर टेबलापलीकडे उभी केली होती.

आणि मग पहिलीच चूक परत आली. अनडिफाइन्ड रेफरन्स. नाव दिलेलं, पत्ता दिलेला, मशीन बरोबर, तरी तेच. चष्मेवालाही काही दिवस फोरमवर फिरकला नाही. बाई डोक्याला हात लावून पडद्याकडे बघत बसल्या होत्या, तेव्हा साहेब दारात येऊन उभे राहिले. चूक त्यांना तिथूनच दिसली. बाईंनी लिंकरला आज्ञा लिहिताना लायब्ररीचं नाव आधी टाकलं होतं आणि स्वतःची फाइल नंतर. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. लायब्ररीपाशी पोचला तेव्हा त्याच्याकडे कुणी काही मागितलेलंच नव्हतं, म्हणून त्याने तिच्यातून काही घेतलं नाही. मागणी त्याला पुढे गेल्यावर भेटली, आणि मागे वळून बघायची त्याची पद्धत नाही. दोन शब्दांची अदलाबदल करायची, की संपलं.

साहेब तिथेच उभे राहिले. बाईंनी वळून बघितलं.

"काही हवंय का तुम्हाला?"

साहेबांना विचारलं जायची सवय होती, पण ते ‘हे कसं करायचं’ असं. "नाही," ते म्हणाले.

खोलीत जाऊन त्यांनी स्वतःचा कम्प्युटर उघडला. फोरमवर ‘जाणकार’ असं नाव घेतलं आणि बाईंच्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलं. नेमकं, मुद्द्याचं, एक शब्द इकडेतिकडे नाही. मग वाचून बघितलं. त्यांना ते कसंतरीच वाटलं. असं उत्तर कुणीही लिहिलं असतं. ते साहेबांनी लिहिलंय असं त्यात काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी वर एक ओळ वाढवली : कम्प्युटरला हात लावण्याआधी लिंकर म्हणजे काय हे वाचायची तसदी घेतली असती, तर चार शहाण्या माणसांचा वेळ वाचला असता. आता ते त्यांना त्यांचं वाटलं. पाठवून ते निवांत मागे रेलले.

थोड्या वेळाने बघितलं तर उत्तर जागेवर नव्हतं. फोरम चालवणाऱ्यांनी ते आख्खं काढून टाकलं होतं आणि ‘जाणकार’ला दोन ओळी लिहिल्या होत्या : इथे शिकणाऱ्यांशी असं बोलत नाहीत. तुमचं खातं बंद करत आहोत. साहेबांनी तिथल्या तिथे त्या लोकांची सात पिढ्यांची अक्कल काढली. पण ती ऐकायला खोलीत कुणी नव्हतं.

जेवताना बाई म्हणाल्या, "आज फोरमवर एक जण आला होता. थेट तुमच्यासारखं बोलणं."

"काय म्हणाला?"

"पहिली ओळ वाचली मी. पुढचं वाचेपर्यंत काढून टाकलं त्यांनी." बाईंनी साहेबांच्या ताटात वाढलं. "खाली काहीतरी कामाचं होतं की काय, कोण जाणे."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही वाचता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी मान खाली घालून जेवण संपवलं.

चष्मेवाला परत आला तो माफी मागतच. आईला दवाखान्यात ठेवलं होतं, म्हणून जमलं नाही. बाईंची आज्ञा बघून त्याने एवढंच लिहिलं : क्रम उलटा करून बघा. मागणारा आधी, देणारा नंतर. हा घोळ मीही पुष्कळदा घातलाय.

बाईंनी क्रम उलटा केला. लिंकर काही बोलला नाही. काम झालं की तो काहीच बोलत नाही.

लॅपटॉप उचलून बाई धावतच मागच्या खोलीत गेल्या. धाकटीच्या मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. धाकटीने डाव्या हाताचं बोट बराच वेळ हवेतच ठेवलं, मग पंख्याच्या चित्रावर टेकवलं.

"म्हाताऱ्याला चालू कर गं!" बाईंचा आवाज म्हणाला.

धाकटीने बहिणीकडे बघितलं. पुन्हा दाबलं. पुन्हा म्हाताऱ्याला चालू कर. मग तिने सपाटाच लावला. पाणी दे गं, पाठ खाजव गं, हे गिळगिळ मला नको गं, उशी सरळ कर गं. बाई हसता हसता रडायला लागल्या आणि धाकटीच्या घशातून ‘आ, आ’ असा आवाज यायला लागला. तेही हसणंच होतं. साहेब दारात उभे होते. इतका वेळ ते या घरात गप्प उभे राहिल्याचं कुणाला आठवत नसेल. काहीतरी बोलणं भाग होतं.

"बटणांचे रंग फार भडक झालेत," ते म्हणाले.

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं. तिचे डोळे बारीक झाले. बोट पडद्यावर फिरलं, एका बटणावर थांबलं.

"झालं का तुमचं?" लॅपटॉप म्हणाला.

बाईंनी तोंडावर पदर धरला. साहेब बाहेर आले. पण त्या दिवशी त्यांना राग आला नव्हता. उलट, पुष्कळ दिवसांनी कुणीतरी आपल्याला उत्तर दिलं, असं काहीसं त्यांना वाटलं. हे त्यांनी अर्थात कुणाला सांगितलं नाही.

प्रोग्राम धाकटीच्या उशाशी ठेवायच्या जुन्या छोट्या लॅपटॉपवर न्यायचा होता. तिथे तो चालेना. उघडायला गेलं की यंत्र टणकन आवाज करी आणि अमुक फाइल नाही म्हणे. बाहेर बसलेल्या साहेबांना त्या आवाजावरूनच सगळं कळलं. जोडणी झाली तरी या लायब्ररीची एक फाइल प्रोग्रामच्या शेजारी ठेवावी लागते, नाहीतर दुसऱ्या मशीनवर तो उभाच राहत नाही. यावर त्यांनी माणसंच्या माणसं घरी पाठवली होती. ते उठले. चक्क लगबगीने आत गेले, आणि कुणी न विचारता, प्रश्नाशिवाय, सरळ सांगायला लागले, "अगं, ती लायब्ररीची फाइल असते ना..."

"हो, शेजारी ठेवायची राहिली. ठेवतेय," बाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर साहेबांना पुढे काहीतरी बोलता आलं असतं.

काही दिवस गेले. घरात आता दिवसभर बाईंचे दोन आवाज ऐकू यायचे. एक त्यांचा, एक लॅपटॉपमधला. एका दुपारी बाई औषधं आणायला निघाल्या. धाकटीच्या खोलीत डोकावून त्यांनी "आलेच गं" म्हटलं, पिशवी घेतली आणि गेल्या. साहेबांना त्यांनी काही सांगितलं नाही. ते खुर्चीतच होते.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "पाणी दे गं."

साहेब दचकले. त्यांना वाटलं, बाई परत आल्या. मग लक्षात आलं. ते उठले, पेला भरला, मागच्या खोलीत गेले. पेला त्यांनी धाकटीच्या उजव्या हाताशी धरला. मग चूक कळून डावीकडे आले. थोडं पाणी चादरीवर सांडलं. धाकटी प्यायली.

"म्हाताऱ्याला चालू कर गं."

त्यांनी पंखा लावला. तो खरंच कुरकुरत होता. इतकी वर्षं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"उशी सरळ कर गं."

त्यांनी उशी सरळ केली. काही मागायचं प्रत्येक बटण ‘गं’च म्हणत होतं. ‘भावोजी’ म्हणणारं एकही नव्हतं.

"माझ्यासाठी काही नाही वाटतं यात?" त्यांनी विचारलं. हे त्यांना चेष्टेने म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते निराळंच निघालं.

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं. मग नजर काढून घेतली. पडद्याच्या कोपऱ्यात एक बाण होता, तो साहेबांनी दाबला. दुसरं पान आलं. त्यावर डॉक्टर, मालिश करणारी, पार्लरमधल्या जुन्या मैत्रिणी. पुन्हा बाण दाबला. शेवटच्या पानावर साहेब होते. ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो, नाक किंचित वर.

धाकटीने पटकन त्या फोटोवर हात ठेवला आणि मान हलवली. नाही.

"का? काय भरलंय असं?" साहेब म्हणाले. "शिव्या घातल्यात की काय दोघींनी?"

तिने पुन्हा मान हलवली. साहेबांनी तिचा हात उचलून बाजूला ठेवला. तो सुक्या फडक्यासारखा हलका लागला. मग त्यांनी स्वतःचा फोटो दाबला.

आवाज बाईंचाच होता. पण इतर बटणांसारखा मोकळा नव्हता. दार लोटून घेऊन, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून बोलावं, तसा दबका होता.

"राहू दे. त्यांना नको विचारूस. आपण बघू आपलं."

पंखा कुरकुरत राहिला. साहेब पडद्याकडे बघत होते. शिव्या असत्या तर त्यांनी त्यातही एखादी चूक काढली असती. हे वाक्य नीट होतं. दोघींच्या तोंडी ते इतकं रुळलेलं असणार की त्याला एक बटणच द्यावं लागलं होतं. किती वर्षं चाललं असेल हे? आणि कशाकशाबद्दल?

धाकटी हसत नव्हती. तिने हळूहळू बाण दाबत पहिलं पान आणलं. बोट बटणांवरून फिरवत राहिली. साहेबांसाठी तिच्यापाशी जे होतं त्यातल्या त्यात जवळचं तिने शोधलं.

"बस गं जरा," लॅपटॉप म्हणाला.

साहेब बसले. पलंगाशेजारच्या स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

दाराला किल्ली लागल्याचा आवाज आला तसे ते उठून बाहेर गेले. बाई उन्हातून आल्या होत्या, चेहरा घामाने भरला होता, पिशवी जड होती. साहेबांनी पुढे होऊन पिशवीच्या बंदाला हात घातला.

बाई थबकल्या. त्यांनी साहेबांकडे बघितलं, मग त्यांच्या हाताकडे.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मी घेते."

क्षणभर पिशवी दोघांच्याही हातात होती. मग साहेबांनी बंद सोडला. बाई चपला काढून मागच्या खोलीकडे गेल्या. त्या खोलीचं दार उघडंच राहिलं होतं, ते त्यांनी आतून लावून घेतलं.